रुपया घसरला, वुडहाऊस घडला!

ॲडमिशनची यादी लागलीये. मोबाइलच्या स्क्रीनवर तुम्ही ती वरून खाली बघता, मग खालून वर बघता. नाव नाही. किंवा नाव आहे, पण फीचा आकडा ऐकून बाबा गप्प झालेत. जेवताना कुणी विषय काढत नाही आणि तुम्हाला न सांगताच कळतं, ते कॉलेज आता आपलं नाही.

दोस्तांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी हा दिवस बघितला असेल. इंग्लंडमधल्या एका मुलानंही तो बघितला होता, शाळा संपताना, १९०० साली. गंमत म्हणजे त्याचं कॉलेज हुकायला कारणीभूत ठरला चक्क आपला रुपया!

त्या मुलाचं नाव पेलहॅम ग्रेनव्हिल वुडहाऊस. हे लांबलचक नाव त्याला स्वतःलाही फारसं आवडायचं नाही. घरचे आणि मित्र त्याला ‘प्लम’ म्हणायचे. जग त्याला ओळखतं पी. जी. वुडहाऊस म्हणून. तुमच्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटात किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात पिवळ्या पडलेल्या पानांची त्याची पेपरबॅक पुस्तकं तुम्ही पाहिली असतील. लोकलमध्ये एखादे काका पुस्तकात डोकं खुपसून एकटेच खुदुखुदु हसताना दिसले, तर त्यांच्या हातात वुडहाऊस असण्याची शक्यता बरीच असते.

इतकं निर्धास्त हसवणारा हा माणूस किती सुखात वाढला असेल, असं आपल्याला वाटतं. पण नाही. बघा तर खरं.

आई-वडील हाँगकाँगला, पोरं इंग्लंडात

प्लमचा जन्म १५ ऑक्टोबर १८८१चा, इंग्लंडमधल्या गिल्डफर्डचा. वडील हाँगकाँगमध्ये न्यायदंडाधिकारी होते. आई इंग्लंडला आली असताना दिवस भरायच्या आधीच हा जन्मला. मग बाळाला घेऊन ती परत हाँगकाँगला गेली. पण त्या काळी परदेशात नोकरी करणारे इंग्रज साहेब मुलांना लहानपणीच मायदेशी पाठवून द्यायचे. प्लम दोन वर्षांचा असताना त्याला दोन मोठ्या भावांबरोबर इंग्लंडला आणलं आणि एका दाईच्या हवाली केलं. तीन ते पंधरा या वयात त्याला आई-वडिलांचा सहवास मिळाला तो सगळा मिळून जेमतेम सहा महिने.

विचार करा, तुमची सगळी शाळा संपली आणि आईबरोबर घालवलेले दिवस मोजले तर जेमतेम एक सेमिस्टर भरतं.

सुट्टीत ही पोरं नातेवाइकांकडे फिरायची. आज या मावशीकडे, उद्या त्या आत्याकडे. काही काका पाद्री होते. ते गावातल्या बड्या घरांत भेटीला जाताना या पोरालाही घेऊन जायचे. मोठी माणसं दिवाणखान्यात बोलत बसली की याची रवानगी नोकर मंडळींकडे, चहा प्यायला. तिथं बटलर, स्वयंपाकीण, मोलकरणी यांच्या गप्पा ऐकत हा बसायचा. पुढे याच्या पुस्तकांत धाक दाखवणाऱ्या आत्या आणि मालकापेक्षा शहाणे बटलर का भरलेत, ते आता लक्षात आलं ना? दुसरं पोर असतं तर या बालपणावर आयुष्यभर रडलं असतं. यानं त्याचा कच्चा माल केला.

१८९४मध्ये त्याला लंडनजवळच्या डलिच कॉलेजात घातलं. नाव कॉलेज असलं तरी ही शाळा. पुढची सहा वर्षं प्लम खऱ्या अर्थानं घरी आल्यासारखा राहिला. क्रिकेटमध्ये फास्ट बोलिंग, रग्बी, लॅटिन आणि ग्रीकचा अभ्यास, शाळेच्या मासिकाचं संपादन. म्हातारपणापर्यंत तो डलिचच्या मॅचचे निकाल जीव टाकून वाचायचा. जिथं पहिल्यांदा आपलं म्हणून कुणी भेटतं, ती जागा सुटत नाही. तुमच्या कट्ट्यावरून तुम्हाला कळेलच.

चांदी पडली, रुपया पडला

थोरला भाऊ आर्मिन हुशार. तो शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला पोचला होता. त्याच्या मागोमाग जायचं हे प्लमनं गृहीत धरलं होतं. तो तयारीही करत होता. पण वडिलांनी सांगितलं, जमणार नाही.

झालं होतं असं. वडील निवृत्त होऊन इंग्लंडला आले होते आणि त्यांची पेन्शन रुपयात होती. आता तेव्हाचा रुपया चांदीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जगभर चांदीचे भाव कोसळले आणि त्याबरोबर रुपयाही. १८७०च्या सुमाराला एका रुपयाला दोन शिलिंगांच्या आसपास मिळायचे, ते १८९०च्या दशकात सव्वा शिलिंगाच्या घरात आले. पेन्शन तेवढीच, पण हातात पडणारे पौंड कमी. दोन मुलांना ऑक्सफर्डमध्ये ठेवणं वडिलांना परवडेना. परदेशात शिकायला निघालेल्या तुमच्या मित्राला विचारा, डॉलर वधारला की घरात काय होतं. तेच हे.

मग वडिलांनी वशिल्यानं त्याला हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन ऑफिसात चिकटवलं. सप्टेंबर १९००. ज्या वयात आर्मिन ऑक्सफर्डच्या हिरवळीवर कविता करत होता, त्या वयात प्लम टॉप हॅट घालून लोंबार्ड स्ट्रीटवर हजेरी लावायला पळत होता.

दिवसा बँक, रात्री लेखन

बँकेचं काम त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात त्याची बदली व्हायची आणि प्रत्येक ठिकाणी तोच गोंधळ. एकदा म्हणे नवं कोरं लेजर आलं. त्याचं पहिलं गुळगुळीत पान पाहून याला राहवेना. त्या पानावर त्यानं लेजरच्या उद्घाटन समारंभाचं विनोदी वर्णन लिहून काढलं. मग घाबरून पान कापून टाकलं आणि गायब झालेल्या पानावरून मोठा घोळ झाला. ही गोष्ट त्यानंच नंतर रंगवून सांगितलेली आहे, त्यामुळे थोडा मीठमसाला धरून चाला.

पण एक गोष्ट गमतीची नव्हती. या बँकेत लंडनला शिकाऊ म्हणून घेतलेल्या पोरांना साधारण दोन वर्षांनी पूर्वेकडच्या शाखांत पाठवायचे. म्हणजे प्लमच्या हातात होती फक्त दोन वर्षं. तेवढ्यात लेखनावर पोट भरता आलं तर ठीक, नाहीतर जहाजात बसायचं.

मग काय, रोज संध्याकाळी भाड्याच्या खोलीत येऊन लिहिणं. विनोद, कविता, लेख, शाळेच्या मॅचची वर्णनं, जे मागतील ते. मध्ये त्याला गालगुंड झाले. सक्तीच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीत यानं १९ गोष्टी लिहिल्या. सगळ्या साभार परत! तरी बँकेतल्या दोन वर्षांत त्याचं ऐंशीहून जास्त लेखन छापून आलं. लिखाणातून आलेली प्रत्येक रक्कम तो एका वहीत टिपून ठेवायचा. बँकेच्या लेजरचा कंटाळा करणाऱ्या पोराचा हा हिशेब मात्र चोख होता.

१९०२मध्ये ‘ग्लोब’ या दैनिकाच्या विनोदी सदराचा लेखक सुट्टीवर जाणार होता. बदली म्हणून प्लमला बोलावणं आलं. काम होतं फक्त पाच आठवड्यांचं, आणि ते करायचं तर बँक सोडावी लागणार. पक्की नोकरी की पाच आठवडे? त्याने बँक सोडली. त्याच महिन्यात त्याचं पहिलं पुस्तक बाजारात आलं, ‘द पॉटहंटर्स’, शाळेतल्या मुलांची गोष्ट. पाच आठवड्यांचं काम पुढे रीतसर नोकरीत बदललं.

इथं कुणी सिनेमातला डायलॉग आठवून उद्याच राजीनामा देऊ नका हं! प्लमनं उडी मारली ती वहीत दोन वर्षांच्या कमाईची नोंद असताना. स्वप्न आणि हिशेब त्याच्याकडे बरोबरच होते.

जीव्हज आला

१९०४मध्ये तो पहिल्यांदा अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या प्रेमात पडला. १९१४मध्ये तिथंच त्याला एथेल भेटली. ती इंग्रज विधवा, पदरी एक मुलगी. ऑगस्टमध्ये ओळख, सप्टेंबरच्या शेवटी लग्न. एथेलची मुलगी लिओनोरा त्यानं दत्तक घेतली आणि तिच्यावर जिवापाड माया केली. घरातले पैसे एथेल सांभाळायची, प्लम टाइपरायटर सांभाळायचा.

१९१५मध्ये त्याच्या एका कथेत जीव्हज पहिल्यांदा डोकावला, दोन-चार वाक्यांपुरता. हे नाव त्याला मिळालं क्रिकेटच्या मैदानावर. पर्सी जीव्हज नावाचा काउंटीचा एक बोलर त्यानं चेल्टनहॅमला खेळताना पाहिला होता. तो खरा जीव्हज १९१६मध्ये सोमच्या लढाईत मारला गेला. त्याचं नाव मात्र अमर झालं.

पुस्तकातला जीव्हज म्हणजे बर्टी वूस्टर या श्रीमंत, मनानं चांगल्या पण डोक्यानं यथातथा तरुणाचा खासगी नोकर. बर्टी लफड्यात अडकतो. कधी नको त्या मुलीशी साखरपुडा ठरतो, कधी ॲगाथा आत्या हात धुऊन मागे लागते. मग जीव्हज आवाज न करता खोलीत येतो आणि सगळं निस्तरतो. दुसरीकडे ब्लँडिंग्ज कॅसल. तिथला लॉर्ड एम्सवर्थ विसरभोळा, आणि त्याचा जीव कशात, तर आपल्या लठ्ठ डुकरिणीत! तिला प्रदर्शनात बक्षीस मिळावं एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा.

वाचताना हे सगळं सहज वाटतं. सहज नव्हतं. एका कादंबरीसाठी तो आधी शेकडो पानं नुसती टिपणं काढायचा. कोण कुठल्या दारातून येणार, कुणाच्या हातात काय असणार, सगळं आधी ठरलेलं. टाइप केलेली पानं तो म्हणे खोलीच्या भिंतीवर टाचून ठेवायचा. पान जमलं की वर सरकवायचं, रेंगाळलं की खाली. सगळी पानं वर गेली की पुस्तक तयार. रंगभूमीवरही तो तितकाच राबला. १९१७मध्ये ब्रॉडवेवर त्याचा हात लागलेले पाच प्रयोग एकाच वेळी सुरू होते.

आणि मग जून १९३९. ज्या ऑक्सफर्डनं, म्हणजे ज्या रुपयानं, त्याला दाराबाहेर ठेवलं होतं, त्याच ऑक्सफर्डनं त्याला बोलावून मानद डॉक्टरेट दिली. शाळा सोडल्याला ३९ वर्षं झाली होती. सिनेमा असता तर इथंच संपला असता.

बर्लिनचा माइक

पण आयुष्य सिनेमा नसतं. पुढच्याच वर्षी या माणसाच्या हातून त्याची सगळ्यात मोठी चूक घडण्याची सुरुवात झाली.

वुडहाऊस दांपत्य तेव्हा फ्रान्सच्या किनाऱ्यावर ल तुके इथं राहत होतं. मे १९४०मध्ये जर्मन फौजा तिथं पोचल्या. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून साठीच्या आतल्या इंग्रज पुरुषांना पकडलं, त्यात प्लमही. एका तुरुंगातून दुसऱ्या किल्ल्यात असं करत शेवटी त्याला अप्पर सायलेशियातल्या टोस्ट गावी नेलं, आज ते पोलंडमध्ये आहे. वेड्यांच्या इस्पितळाची इमारत कैद्यांची छावणी झाली होती. थंडी, अपुरं जेवण, एका खोलीत कित्येक माणसं. तिथंही त्यानं एक पूर्ण कादंबरी लिहिली. सोबतच्या कैद्यांना छावणीतल्या दिवसांच्या गमती सांगून तो हसवायचाही.

जून १९४१मध्ये, साठ वर्षं पूर्ण व्हायला काही महिने असताना, त्याला सोडलं आणि बर्लिनला आणलं. तिथं त्याच्यापुढे सूचना आली, अमेरिकेतल्या वाचकांसाठी रेडिओवर बोलाल का? अमेरिका तेव्हा युद्धात उतरली नव्हती. तिथल्या वाचकांनी त्याच्या काळजीनं पत्रं पाठवली होती. त्यांचे आभार मानू, छावणीतल्या त्याच गमती सांगू, एवढाच विचार करून तो हो म्हणाला. एकूण पाच भाषणं झाली.

त्या भाषणांत नाझींची स्तुती नव्हती. होती ती फक्त थट्टा, बरीचशी स्वतःचीच. मग बिघडलं कुठं?

बिघडलं ते माइकमध्ये. तो माइक नाझींचा होता. आणि इकडे इंग्लंडमध्ये नुकत्याच थांबलेल्या बॉम्बहल्ल्यांत चाळीस हजारांहून जास्त नागरिक मेले होते. ज्यांच्या घरात माणूस गेलं होतं, त्यांच्या कानावर काय आलं? आपला लाडका लेखक बर्लिनहून मजेत बोलतोय. लोक संतापले. बीबीसीवरून त्याला देशद्रोही ठरवणारं जहरी भाषण झालं. पार्लमेंटमध्ये विषय निघाला. काही ग्रंथालयांनी त्याची पुस्तकं काढून टाकली. ‘विनी द पू’वाला ए. ए. मिल्नही त्याच्यावर तुटून पडला.

त्याचं मन साफ होतं, हे आज जवळजवळ सगळे मान्य करतात. १९४४मध्ये ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्यानं पॅरिसमध्ये त्याची कसून चौकशी केली. निष्कर्ष निघाला की माणूस मूर्खासारखा वागला, पण खटला भरावा असं काही नाही. दुसऱ्या वर्षी जॉर्ज ऑर्वेलनं लेख लिहून त्याची बाजू मांडली. पण तो चौकशी अहवाल सरकारनं दाबून ठेवला. तो लोकांसमोर आला १९८०मध्ये, प्लमच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

मनात वाईट नव्हतं म्हणून चूक लहान होते का? मला नाही वाटत. प्लमनं आयुष्यभर एक असं जग रचलं होतं जिथं सगळ्यात मोठं संकट म्हणजे डुकरीण चोरीला जाणं. त्या जगात तो इतका रमला, की खिडकीबाहेर काय पेटलंय ते त्याला दिसलंच नाही. कुठला विनोद करतो याइतकंच तो कुणाच्या माइकवरून करतो याला महत्त्व असतं, हे त्याला फार उशिरा कळलं. रोज दहा रील फॉरवर्ड करणाऱ्या आपल्यालाही हे कधीमधी आठवायला हरकत नाही.

परत न गेलेला माणूस

त्या काळातला सगळ्यात मोठा घाव मात्र वेगळाच होता. मे १९४४मध्ये लंडनमध्ये लिओनोरा वारली. एक साधं ऑपरेशन, वय अवघं चाळीस. युद्धामुळे बातमीसुद्धा त्याला महिन्यांनंतर कळली. शेवटची भेट झालीच नाही.

१९४७मध्ये तो अमेरिकेला गेला. पुढे लाँग आयलंडवरच्या रेमसेनबर्ग या छोट्या गावात घर घेतलं, १९५५मध्ये अमेरिकन नागरिक झाला. इंग्लंडमध्ये त्यानं पुन्हा कधी पाऊल ठेवलं नाही. पण लिहिलं काय? तर इंग्लंडच. तीच हिरवळ, तीच आत्या, तोच बटलर. ज्या देशानं तोंड फिरवलं, त्या देशाबद्दल त्याच्या कादंबऱ्यांत कडवटपणाचा थेंब सापडत नाही. रोज सकाळी व्यायाम, मग टाइपरायटर, मग कुत्र्यांना घेऊन फिरणं. असं सत्तरीत, ऐंशीत, नव्वदीतसुद्धा.

१९७५च्या नवीन वर्षी ब्रिटिश सरकारनं त्याला ‘सर’ केलं. ही एका अर्थी माफीच होती, उशिरा आलेली. दीड महिन्यानं, १४ फेब्रुवारीला, ९३व्या वर्षी तो गेला. नवी ब्लँडिंग्ज कादंबरी अर्धवट राहिली. नावावर पुस्तकं होती नव्वदहून जास्त.

आणि तो दुसरा भाऊ?

ज्याला ऑक्सफर्ड मिळालं त्या आर्मिनचं पुढे काय झालं? तो आला आपल्याकडे! थिऑसॉफिकल चळवळीत पडला, जे. कृष्णमूर्तींच्या तरुणपणी त्यांच्या सहवासात राहिला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक होता. म्हणजे बघा, ऑक्सफर्डला गेलेला वुडहाऊस पुण्यात शिकवायला आला. आणि ज्याला रुपयानं ऑक्सफर्डला जाऊ दिलं नाही, त्याची पुस्तकं त्या रुपयाच्या देशात अजून खपतायत.

वाचायला कुठून सुरुवात करायची? ‘लीव्ह इट टू स्मिथ’ घ्या किंवा ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’. पहिली वीस पानं जरा अडखळाल. नावं खूप, वाक्यं लांब, लंडनचे क्लब अनोळखी. सोडू नका. एकविसाव्या पानाच्या आसपास तुम्ही लोकलमध्ये एकटेच हसाल आणि समोरचा तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल.

आणि यादीत नाव नसेल तर? वाईट वाटू द्या, वाटणारच. प्लमलाही ते दुःख आयुष्यभर पुरलं. फक्त त्या संध्याकाळी तो खोलीवर गेला आणि लिहायला बसला. तुमच्या खोलीवर काय वाट बघतंय, ते तुम्हालाच माहीत.